वार किती वेळ ट्रेमध्ये होती

"सावंत, हिला सांगा, वार आपल्याकडे किती वेळात फ्रीजरमध्ये जाते," सर म्हणाले.

मी परळच्या एका संशोधन संस्थेत टेक्निशियन होतो. समोर सरांच्या हाताखाली पीएचडी करणारी मीनल तांडेल उभी होती, हातात जेलचे फोटो घेऊन. सरांचा पेपर त्याच आठवड्यात जायचा होता.

आधी काम सांगतो. वार, म्हणजे प्लॅसेंटा, गर्भाशयाच्या भिंतीत रुजते तेव्हा तिच्या पेशींना भिंतीतली प्रथिनं कापत आत शिरावं लागतं. कापणारी एन्झाइम्स त्या पेशीच तयार करतात. कापणं कमी पडलं तर वार उथळ रुजते, तिला रक्त कमी मिळतं, आणि पुढे आईचं बीपी चढू शकतं. जास्त झालं तर वार इतकी घुसते की बाळंतपणात सुटत नाही. आम्ही वारेचा अर्क जिलेटिन घातलेल्या जेलवर चालवायचो. एन्झाइम जिलेटिन खातं. मग जेल निळ्या रंगात बुडवलं की खाल्लेली जागा पांढरी राहते.

आमच्याकडे नॉर्मल बायकांचे पांढरे पट्टे लख्ख आले, बीपीवाल्यांचे फिके. सर खूश.

मीनलने एकच वार घेतली आणि तिचे तुकडे केले. एक लगेच गोठवला, एक दोन तास टेबलावर ठेवला, एक चार तास. चार तासांचा पट्टा सगळ्यात लख्ख.

"सर, बाई एकच, वार एकच. हा फरक आजाराचा नाही, पडून राहण्याचा आहे."

"ही काय मासळी आहे, तांडेल, दोन तासांत बिघडायला?"

"मासळीला आम्ही बर्फ तरी लावतो, सर."

सर लाल झाले आणि माझ्याकडे वळले.

तिचं खरं होतं. बीपीवाल्यांची बहुतेक सिझेरियन व्हायची. ऑपरेशन थिएटरमधून फोन यायचा, मी बर्फाचा डबा घेऊन दारात उभा. नॉर्मल बाळंतपणात मात्र वारेचा तुकडा आत राहिला नाही ना, हे सिस्टर बघेपर्यंत आयाबाई ट्रे द्यायच्या नाहीत. तो नियम योग्यच. पण नंतर ट्रे टेबलाखाली सरकायचा आणि माझ्या फेऱ्या दोनच, अकराला आणि चारला. सकाळी सहाची वार अकरापर्यंत तिथेच, पंख्याच्या गरम वाऱ्यात. फॉर्मवर मी वार पडल्याची वेळ लिहीतच नव्हतो. मी पोचल्याची लिहायचो.

"अर्ध्या तासाच्या आत, सर," मी म्हणालो.

मला निवृत्तीनंतर दोन वर्षांचं एक्स्टेन्शन हवं होतं. सही सरांची लागायची.

"काका, फॉर्म दाखवा ना," मीनल म्हणाली. मी दाखवले. सगळे अर्ध्या तासाच्या आतले.

"बघ. इतक्या मेहनती माणसावर आरोप करतेस?"

मेहनती! आजही तो शब्द आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पेपर छापून आला. मीनलच्या पीएचडीच्या प्रगती-रिपोर्टवर सरांनी सही करायचं थांबवलं. वर्षाच्या आत, एकूण पाच वर्षं घालवून, ती पीएचडी सोडून गेली. मला एक्स्टेन्शन मिळालं.

अलीकडे तिला माटुंग्याला जाऊन भेटलो. ती तिथे कॉलेजात शिकवते. माझं सगळं ऐकून घेतलं तिने.

"मला कशाला सांगता, काका? मला तेव्हाच माहीत होतं. ज्यांनी छापलं त्यांना सांगा."

सांगितलं. चौकशी सुरू झाली तसा सरांचा फोन आला. "सावंत, या वयात कशाला उकरताय? कोण मेलं का?"

"एका मुलीची पाच वर्षं मेली, सर. आणि तुमचे पट्टे खरे मानून अजून कोण कोण काम करत बसलंय, देव जाणे."

त्यांनी फोन आपटला.

पेपर मागे घेतला गेला. कारण दिलं: 'नमुने गोळा करण्यातील त्रुटी'. त्रुटी कुणी शोधली, ते नाही. मी पुन्हा लिहून विचारलं. उत्तर आलं की अशा सूचनेत तशी नावं घालत नाहीत.

म्हणून इथे लिहितो. चूक मीनल तांडेलने शोधली. खोटं मी बोललो. आणि जे हे काम आज करतात त्यांनी घड्याळ लेबर रूममध्ये बघावं, स्वतःच्या सोयीने नव्हे.