गुलाबी कागदाचा शनिवार

आमच्या वहिनीला शाळेत सगळे कागदबाई म्हणतात आणि तिला त्याचा राग येत नाही. मला येतो. एकदा मी मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, तोंडावर विचारलं की एकोणीस वर्षं तुमचं ऑफिस सांभाळणाऱ्या बाईला रद्दीवाल्यासारखी हाक मारता, बरं दिसतं का हे? तर वहिनीच मला गप्प करायला धावली. "अगं, असू दे गं. हाक मारतात म्हणजे ओळखतात तरी." असल्या माणसापुढे आपण काय डोकं फोडायचं?

मी तिची नणंद. घरी शिवणकाम करते, आणि माझ्या जिभेला कात्रीपेक्षा जास्त धार आहे असं माझा भाऊ म्हणतो. तो गॅरेजमध्ये असतो. लग्न होऊन वहिनी आली तेव्हा चर्चच्या मागच्या या शाळेतल्या कारकूनबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. तीन महिन्यांसाठी म्हणून वहिनी बसली ती बसलीच. सहा खोल्या, ऐंशीच्या आसपास पोरं, चौथीपर्यंतचे वर्ग. ऑफिस म्हणजे जिन्याखालची जागा, त्याला एक खिडकी. आत टेबल, कपाट आणि एक झेरॉक्स मशीन. त्या मशीनशी वहिनी बोलते. मी स्वतः ऐकलंय. "चल बाई, एवढे दहा काढ, मग बस निवांत," असं.

तिचं मुख्य काम सूचना काढणं. कुठली प्रार्थनासभा कधी, सहल कधी, कोणी कुठला खाऊ आणायचा. पहिल्या वर्षी एका मुलीचे वडील खिडकीशी आले. धोबी होते. म्हणाले, "बाई, मला वाचता येत नाही, पोरगी अजून लहान आहे. कागद आला की मला शेजारी जावं लागतं." त्या आठवड्यात वहिनीने रंग ठरवले. पिवळा म्हणजे कार्यक्रम आहे, घरच्यांनी यायचं. हिरवा म्हणजे पालकसभा. निळा म्हणजे फी. गुलाबी म्हणजे उद्या शाळेला सुटी. धोबीदादा खूश झाले.

पण झालं काय, की हळूहळू सगळेच धोबीदादा झाले. चांगले शिकलेसवरलेले लोक दप्तरातून कागद काढायचे, रंग बघायचे आणि फ्रिजवर चिकटवून मोकळे. शिक्षिकासुद्धा वाचायच्या नाहीत. सगळ्या शाळेत सूचना शब्दन् शब्द वाचणारी एकच व्यक्ती उरली होती, आणि ती म्हणजे ती लिहिणारी.

आता यंदाची गोष्ट. चौथीच्या वर्गाचं छप्पर पार गेलं होतं. पत्रे सडलेले, खालची लाकडं पोखरलेली. चर्चच्या समितीने सांगितलं, अर्धा खर्च शाळेने उभा करा, अर्धा आम्ही देतो. पैसे जमवायला शाळेचा दरवर्षी मेळावा असतो, त्या दिवसापर्यंत जमलं तर जमलं, नाहीतर पुढच्या वर्षापासून चौथी बंद. तिसरीतली अकरा पोरं मग नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार. हे सांगणारे समितीचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. माणूस वाईट नाही, पण हिशोबाला असा पक्का की हसतानाही मोजून हसतो.

वहिनीने ते मनाला लावून घेतलं. "आज चौथी गेली की उद्या तिसरी जाईल," ती जेवताना म्हणायची. "मोठ्याला तिकडे घातल्यावर धाकट्याला इकडे कोण ठेवतंय? दोन वर्षांत कुलूप लागेल." त्या अकरा पोरांची तिला खडान् खडा माहिती. कोणाला चष्मा लागलाय, कोणाची आई रात्रपाळी करते, कोण डबा न खाता परत नेतं. तिला झोप लागेना. मी म्हटलं, तू काय छप्पर डोक्यावर धरून बसणार आहेस का? तर म्हणाली, "जमलं असतं तर बसले असते."

मेळावा शनिवारी सकाळी नऊला. तीन पायांची शर्यत, लिंबू-चमचा, जुन्या पुस्तकांचं टेबल, लहान मुलांचं गाणं. केकचं टेबल माझ्याकडे. गुरुवारी वहिनी सूचना काढायला बसली आणि पिवळे कागद संपलेले. दुकानदाराकडे नव्हते. कपाटात गुलाबी रिम पडलं होतं. तिने मजकूर दोनदा तपासला, वेळ ठळक केली, खाली "सर्वांनी अवश्य यावे" लिहिलं, आणि काढल्या ऐंशी प्रती गुलाबी कागदावर. शुक्रवारी शिक्षिका हॉलमध्ये पताका लावत होत्या, म्हणून तिने स्वतः वर्गावर्गात जाऊन दप्तरांत घड्या सरकवल्या. तिच्या डोक्यात एकदाही आलं नाही. येणार कसं? ती वाचते ना.

शनिवारी नऊ वाजता मी चार डबे केक मांडून उभी. शिक्षिका उभ्या. चर्चचे पाळकसाहेब नवा शर्ट घालून आलेले. अध्यक्ष पहिल्या रांगेत घड्याळ बघत बसलेले. मैदानात चुन्याच्या रेघा मारलेल्या आणि पोर एक नाही. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. एक कुत्रं आलं, शर्यतीच्या रेघेवरून चालत गेलं आणि निघून गेलं. पाळकसाहेब म्हणाले, "लोक आरामात येतात हल्ली."

तेवढ्यात शाळेची व्हॅन चालवणारे काका मेळाव्यासाठी आणलेली बाकं परत न्यायला व्हॅन घेऊन आले. त्यांची नात पहिलीत आहे. मैदानाकडे बघून त्यांनी सरळ विचारलं, "आज सुटी दिलीत ना? मग हे काय मांडलंय? घरी नात रडरड रडतेय, मेळावा रद्द झाला म्हणून." आणि खिशातून गुलाबी घडी काढून दाखवली.

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. मी असते तर दुकानदारावर ढकललं असतं, मशीनवर ढकललं असतं. ही चालत अध्यक्षांसमोर गेली आणि म्हणाली, "साहेब, चूक माझी आहे. सगळ्यांना घरी मीच बसवलंय." अध्यक्षांनी गुलाबी कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "यात तर सगळं बरोबर लिहिलंय."

मोठ्या बाईंनी पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. त्या ग्रुपवर एक आजोबा रोज पहाटे फुलांची चित्रं पाठवतात, त्यामुळे सगळ्यांनी त्याचा आवाज कधीच बंद केलेला. एकाने बघितला, आणि ते आजोबाच होते. त्यांनी एक गुलाब पाठवला. फोन करायला बसलो तर सुटीच्या सकाळी उचलतंय कोण.

वहिनी एकदम व्हॅनकडे वळली. "काका, रोजच्या रस्त्याने चला. रोजच्यासारखा हॉर्न द्या."

"पण सुटी आहे ना," काका म्हणाले.

"कागदावर आहे. हॉर्नला कुठे माहितीय?"

मी मागे चढले. असली गंमत सोडायची मी? काकांचा हॉर्न ठरलेला आहे, दोन आखूड आणि एक लांब, आणि त्यावर दीड मिनिट थांबतात, मग निघतात म्हणजे निघतात. आख्ख्या वस्तीची पोरं त्या दीड मिनिटाच्या धाकात वाढलीत. पहिल्या गल्लीत हॉर्न वाजला आणि धडाधड दारं उघडली. एक मुलगी रात्रीच्या कपड्यांवर दप्तर अडकवून आली. एकाच्या एका पायात बूट, दुसरा हातात. त्यांच्यामागे आया, बाबा, आज्या. एक आई डोक्याला टॉवेल गुंडाळून धावत होती. एक वडील अर्ध्या गालाला साबण आणि हातात रेझर, ओरडत होते, "अहो काका, सुटी आहे आज, कुठे नेताय पोराला?" काका खिडकीतून म्हणाले, "कागदबाईंना विचारा," आणि गाडी पुढे. मग काय, आईबाप मागून. कोणी स्कूटरवर, कोणी चालत, कोणी पळत. तीन फेऱ्या मारल्या. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं, पण वहिनी पुढच्या सीटवर दात आवळून बसली होती.

साडेदहाला मैदान भरलं. असं भरलं की गेल्या पाच वर्षांत भरलं नव्हतं. पण देवा, कोणाकडे एक पैसा नाही. घरच्या कपड्यात धावत आलेल्या माणसाच्या खिशात काय असणार, फार तर किल्ली. आमचा मेळावा पैसे उभे करायला, आणि इथे सगळे कडकी लागल्यासारखे. पोरं माझ्या केककडे बघत रांगेत उभी. मी दहा मिनिटं तोंड घट्ट ठेवलं, मग म्हटलं जाऊ दे, आणि डबे उघडले. तीन पायांची शर्यत लागली. साबणवाले बाबा मुलाबरोबर पाय बांधून पळाले आणि तोंडावर आपटले.

वहिनीने बाकावर चढून सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. छप्पर, चौथी, अकरा पोरं आणि तिची चूक, सगळं. मग उरलेले कोरे गुलाबी कागद वाटले. "पैसे कोणाकडेच नाहीत, माहितीय मला. काय द्याल ते लिहून ठेवा. नंतर आणा."

तिला आकडा हवा होता. साबणवाल्या बाबांनी पेन्सिल घेतली आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग लिहिलं, "माझे सहा दिवस." ते पत्रे बसवायचं काम करतात. चार वर्षं त्यांचा मुलगा या शाळेत आहे आणि एकाही मेळाव्याला ते आले नव्हते. मला म्हणाले, "पिवळा कागद आला की आम्ही कुठेतरी जायचो, ताई. इथे येऊन पोराला नाही नाही म्हणत फिरायचं, त्यापेक्षा न आलेलं बरं." खोटं कशाला सांगू, मला लाज वाटली. पाच वर्षं मी केकचं टेबल लावतेय आणि कोण येत नाही याचा विचार एकदाही केला नव्हता.

त्यांच्या कागदावरचं बघून शेजारच्याने लिहिलं, "सुतारकाम, दोन रविवार, उपासना झाल्यावर." कोणी रंग लिहिला. कोणी टेम्पो लिहिला. टॉवेलवाल्या आईने कामावरच्यांचं जेवण लिहिलं. आकडे लिहिणारेही होते, अगदीच नव्हते असं नाही. धोबीदादा आता आजोबा झालेत, नातवाला घेऊन आले होते. त्यांनी वहिनीकडून लिहून घेतलं: पडदे धुऊन देईन.

अध्यक्षांनी सगळे कागद गोळा केले, चष्मा लावला आणि झाडाखाली बसले. अर्धा तास. वहिनी तिथून हलेना. मी केकचा तुकडा दिला तो तिने हातातच धरून ठेवला. पोरांचं गाणं सुरू झालं, एक कडवं विसरली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. शेवटी अध्यक्ष उठले. पाळकसाहेब म्हणाले, "साहेब, रोख नाहीये हे, पण..."

"मी रोख म्हटलं नव्हतं," अध्यक्ष म्हणाले. "मी खर्च म्हटलं होतं. खर्चात मजुरी धरतात. बँकेतसुद्धा धरतात. हे अर्ध्याच्या वर जातंय. चौथी चालू राहील." मग एक गुलाबी कागद घेऊन त्यांनी स्वतःचं लिहिलं: देखरेख. देखरेख म्हणजे खुर्ची टाकून बसणं, हे मला कळतं. पण त्या दिवशी मी ते बोलले नाही, म्हणजे बघा.

वहिनी मात्र हसली नाही. माझ्या भावाने पेढ्यासारखी बातमी गल्लीभर वाटली, ही आपली भाजी निवडत बसली. मला कळेना हिला झालंय काय.

ते सोमवारी कळलं. तिसरीच्या पालकांसाठी शाळा सोडल्याच्या दाखल्याचे अर्ज न्यायचा तो शेवटचा दिवस होता. छप्पर होणार हे खरं, पण मोठ्या शाळेत जागा मिळत असताना लोक इथे थांबतील, हे तिला कोणी लिहून दिलं नव्हतं. अकरा अर्ज तयार करून ती सकाळपासून खिडकीशी बसली होती. मी दुपारी तिचा विसरलेला डबा घेऊन गेले तेव्हा ती तशीच बसलेली. मी डबा ठेवला आणि स्टूल ओढून शेजारी बसले. तीन वाजले. चार वाजले. साडेचारला शाळा सुटली, तिसरीची पोरं खिडकीवरून धावत गेली, त्यातल्या दोघींनी तिला हात केला. पाचला मोठ्या बाई किल्ल्या घेऊन आल्या.

वहिनीने अर्जांचा गठ्ठा उचलला. मोजले तर अकरा.

"कोणीच आलं नाही गं," ती म्हणाली, आणि टेबलावर डोकं ठेवून हमसाहमशी रडायला लागली. एकोणीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मलाही रडू आलं, आणि मोठ्या बाई दारात उभ्या राहून आम्हा दोघींकडे बघतच राहिल्या.