तिखट झोंबतं का?

माझी बायको वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होती आणि मी ग्रंथालयात. सत्तरच्या दशकात आमच्या सक्करदऱ्याच्या घरी संध्याकाळच्या चहानंतर कार्डं निघत. तंबाखू खाणाऱ्या एकेका माणसाचं एकेक कार्ड, कडेनं भोकं पाडलेलं. एक भोक म्हणजे एक प्रश्न. उत्तर ‘हो’ असेल तर मी ते भोक कात्रीनं कडेपर्यंत उघडायचो. मग ती एका प्रश्नाच्या भोकातून स्वेटरची सुई गठ्ठ्याच्या आरपार घालून उचलायची. ‘हो’वाली कार्डं खाली गळत, बाकीची सुईवर राहत. आमचा संगणक तो एवढाच. ज्यांच्या गालाच्या आतून हलकेच खरवडून काचेवर घेतलेल्या पेशी तिला बिघडलेल्या दिसत, त्यांची कार्डं एका प्रश्नाला हटकून गळायची : तिखट झोंबतं का?

“दुखायला लागल्यावर कुणीही सांगेल,” ती म्हणायची. “मला त्याच्या आधीचं हवंय.”

तिचा थोरला भाऊ उमरेडला मागावर बसायचा. रश्श्यावरची तिखटजाळ तर्री आणि तंबाखू, दोन्हींवर त्याचा फार जीव. एका रविवारी आमच्याकडे जेवताना त्यानं मटणाच्या रश्श्यात दही कालवलं. तिचा घास हातातच राहिला.

“दादा, दही काहून घेऊन राहिला?”

“ऊन किती आहे वं!”

“तोंड दाखव.”

“मी काय बैल आहो, बाजारात दात दाखवाले?”

“बैल शहाणा असते. उघड.”

तो रागावून निघून गेला. दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या बसनं उमरेडला गेली आणि त्याच्या मागाशेजारी पाट टाकून बसली. दुपारी त्यानं हातातला धोटा खाली ठेवला.

“पाह्य वं बाई एकदाचं. तुयामुळे सूत तुटून राहिलं.”

गालाच्या आत पांढरा चट्टा होता. पेशी बदलू लागल्या होत्या, पण कॅन्सर अजून झाला नव्हता. चट्टा काढला, तंबाखू सुटली. पुढे आमच्याकडे आला की चप्पल काढण्याआधी तो दारातच आ करायचा. ती त्याची हनुवटी उजेडाकडे वळवून बघायची आणि म्हणायची, “ये, जेवायला बस.”

ती गेली, साध्या तापानं. महिन्याभरानं तो आला, दारात थांबला आणि सवयीनं त्यानं तोंड उघडलं. मला त्यातलं काही कळत नाही. तरी हनुवटी उजेडाकडे वळवून मी पाहिलं.

“ये, जेवायला बस.”

रस्सा मीच केला होता. दोन घासांनंतर त्याचे डोळे भरून आलेले दिसले. मी घाबरून विचारलं, “तिखट झोंबतं का?”

“नाही, जवाईबापू,” तो म्हणाला. “तिखटाचं काही नाही.”