पत्राच्या कडेची पेन्सिल

शांताक्का, गुडघा कसा आहे? बापूराव, खोकला थांबला का? सुमन, बाळाचे दात आले का?

मंडळी, तुम्हा सगळ्यांना मिळून हे एकच पत्र घालतोय, कारण आज माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत.

शिरोलीच्या फौंड्रीत कामाला होतो, तेव्हा डिक्शनरी घेऊन एका अमेरिकन कवीला वाचायचो. एक कविता अडली, म्हणून थेट त्यालाच पत्र घातलं. उत्तर आलं नाही. माझं मोडकं इंग्रजी त्यानं टोपलीत टाकलं असणार, असं तीस वर्षं धरून चाललो.

तो वारल्यावर त्याचे कागद तिकडच्या एका ग्रंथालयानं जपून ठेवलेत. माझ्या नातीनं तिथं विचारणा केली, आणि आज ईमेलवर माझ्याच पत्राचा फोटो आला.

आपल्या रीतीनं मी आधी त्याच्या आईची, बायकोची, गुराढोरांची खुशाली विचारली होती. प्रत्येकापुढं त्यानं पेन्सिलीनं लिहिलंय: आई बरी आहे. बायकोची पाठ दुखते. गुरं नाहीत, मांजर मजेत आहे. आणि कवितेपुढं: उद्या सविस्तर लिहितो.

म्हणजे वाचलं होतं की त्यानं.

आमची ही म्हणाली, "माणूस लई मोठा, पण उद्यावर ढकलण्यात तुमचाच भाऊ हाय."

तेव्हा तुम्ही उद्यावर ढकलू नका. आजच मला उलट दोन ओळी लिहा. शांताक्का, गुडघ्यापासून सुरुवात करा.