बबनच्या हातातली बंदूक

एकाहत्तरच्या लढाईत माझी पोस्टिंग फील्ड अँब्युलन्समध्ये होती. हुद्दा नायक, काम नर्सिंग असिस्टंटचं. सोबत आमच्या नागपूरचाच लान्स नायक बबन ढोके. ट्रेनिंग संपताना साहेबांनी विचारलं होतं, पुढे काय शिकणार? ऑपरेशन थिएटर, मानसिक रुग्णांचा वॉर्ड की बर्न्स? मी थिएटर घेतलं, तिथे मान होता. बबननं बर्न्स मागितलं.

"काहून गा? त्या वासात तुले जेवण जाईन काय?"

"भाजलेल्याजवळ कोणी बसत नाही ना गा. म्हणून."

लढाईत एका सकाळी जळत्या रणगाड्यातून काढलेला शिपाई आमच्याकडे आला. बबननं त्याला सलाइन लावलं, तेवढ्यात शेलिंग सुरू झालं. वायरलेसवर हुकूम आला, "पेशंट मागे हलवा. ओव्हर." आम्ही स्ट्रेचर उचललं. बबन बाटली उंच धरून बाजूनं चालत होता.

"खाली वाक बबन!" मी ओरडलो.

"वाकलो तर सलाइन थांबते."

गोळा त्याच्या बाजूला फुटला. बबन जागीच गेला. शिपाई वाचला.

लढाई संपल्यावर सुट्टीवर आलो, तर गांधीबागेत बबनची शोकसभा. हार घातलेला फोटो पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. स्टुडिओच्या पेंटरनं रंग भरता भरता बबनच्या हातात बंदूक काढून दिली होती. वर पुढारी सांगत होता, शत्रूवर गोळ्या झाडता झाडता वीरमरण आलं. शी!

बबनचे वडील तिथल्याच कापड दुकानात नोकरीला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "भाऊ, तो नर्सचं काम करत होता, हे सांगू नका. लोक हसतीन."

मागे बबनची बहीण कमल उभी होती, डोळे सुजलेले. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि वडील सोडत नव्हते.

"शहिदाच्या घरची पोरगी लोकायची घाण काढन काय?"

"मग तुमचा पोरगा काय करत होता?" माझा आवाज चढला. सभेतली डोकी आमच्याकडे वळली. मग मी सगळं सांगितलं, बर्न्स का मागितलं तिथपासून बाटलीपर्यंत. पुढाऱ्यानं घड्याळ पाहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे लढलाच नाही?" थू असल्यांच्या तोंडावर!

वडील खाली मान घालून बसले. मग म्हणाले, "तो शिपाई कुठं आहे?"

"मिलिटरी हॉस्पिटलात. बर्न्स वॉर्डात."

"त्याच्याजवळ कोण बसते?"

एवढं विचारून ते कमलकडे वळले.

"सोमवारी किती वाजता जा लागते वं?"

कमल पुढे बर्न्स वॉर्डातच सिस्टर झाली. फोटो मात्र अजून त्यांच्या भिंतीवर तोच आहे, बंदुकीसकट. बबननं अख्ख्या लढाईत एक गोळी झाडली नाही.