कॅप्टन क्रिच आणि गावाची उंच टोपी

आमच्या गावात उशिराचं कारण कुणी खोदून विचारत नाही. 'पूल वर होता' एवढं म्हटलं की शाळेतली बाई सोडून देते, पाद्री सोडून देतो, बायकोसुद्धा निम्मं सोडून देते. गावाच्या मधून कालवा जातो. जहाज आलं की रस्त्याचा पूल उचलतात, आणि मग दूधवाला असो की नगराध्यक्ष, गाडी बंद करून गुमान बसायचं. हे कारण आयुष्यात एकदाही न सांगितलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे कॅप्टन लिअँडर क्रिच.

"ते आळशांचं कारण आहे, सिल्व्हियो," माझ्या खुर्चीत बसून तो म्हणायचा. "पूल उठतो तो जहाजासाठी. जहाजवाल्याला कसला आलाय पूल आडवा!"

माझं केस कापायचं दुकान पुलाच्या पूर्वेला. जहाजावरचे निम्मे लोक माझ्याकडेच यायचे, त्यामुळे कोणाच्या डोक्यावर काय आहे आणि डोक्यात काय आहे, दोन्ही मला ठाऊक. क्रिचच्या डोक्यावर केरसुणीसारखे राठ केस होते, आणि डोक्यात एकच गोष्ट होती. टोपी.

ही टोपी गावाची. जुनी, काळी, रेशमी, हातभर उंच. मार्चअखेर बर्फ फुटून कालवा उघडला की खालच्या ओंटारिओ सरोवरातून वरच्या ईरी सरोवराकडे निघालेलं वर्षाचं पहिलं जहाज आमच्या लॉकमध्ये, म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेल्या पाण्याच्या हौदात, शिरतं. शिरतं ते खड्ड्यात. भिंतीवर उभ्या माणसांना नुसती डोलकाठी आणि जहाजाचं माडीसारखं डोकं दिसतं. मागचे दरवाजे मिटतात, वरचं पाणी आत सोडतात, आणि दहा-बारा मिनिटांत अख्खं जहाज गव्हाच्या नाहीतर लोखंडाच्या पोटासकट चार मजले वर येतं. पंप नाही, यंत्र नाही, पाणीच उचलतं. वर आलेल्या कॅप्टनच्या डोक्यावर नगराध्यक्ष ती टोपी ठेवतो, बँड वाजतो, फोटो निघतो, आणि सगळे गरम कॉफी प्यायला पळतात.

दुसऱ्या जहाजाला कोणी थांबत नाही. क्रिच तीस वर्षं दुसरा यायचा.

तो नालायक होता म्हणून नव्हे. नको तितका चांगला होता म्हणून. एका वर्षी तो पुढे होता, पण वाटेत एक जहाज बर्फात अडकलेलं दिसलं. ह्यानं दोन तास खपून त्याच्या भोवतीचा बर्फ फोडला. सुटलेलं जहाज 'थँक्यू'चा भोंगा वाजवत पुढे गेलं ते थेट लॉकमध्ये. ते रेजान लाफ्लामचं जहाज. रेजान क्युबेकचा, गोड बोलणारा, मिशीला तेल लावणारा, आणि एकूण चार वेळा टोपी घातलेला. आणखी एका वर्षी कालव्याच्या तोंडाशी दोघं बरोबरीनं आले, तेव्हा क्रिचनं रेडिओवर नुसतं सभ्यपणानं म्हटलं, "आधी तुम्ही." समोरचा 'नाही नाही, आधी तुम्ही' म्हणेल अशी त्याची अपेक्षा. तो रेजान होता. तो गेला.

"टोपीचं काय एवढं?" मी एकदा विचारलं.

क्रिचनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तू दुकानात असतोस, तुला नाही कळायचं," तो म्हणाला. "मी पाण्यावर वर येतो, सिल्व्हियो. वर आल्यावर कोणीतरी असावं असं वाटतं. मी येतो तेव्हा भिंतीवर कॉफीचे रिकामे पेले असतात आणि विनी असते. विनी बिचारी दोन्ही हात हलवते, गर्दी वाटावी म्हणून."

मला तेव्हा फार वाईट वाटलं. विनी त्याची बायको, आमच्याच गावची.

तर ते त्याच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. विनीनं त्याला तंबी दिली होती की यंदा वाटेत कोणी बुडत असलं तरी आधी तू टोपी घे, मग त्याला काढ. आणि देवाची करणी बघा, क्रिचची 'कोरा व्हीलन' खरोखर पहिली आली! पहिली दोन लॉकं चढून पुलाच्या अलीकडे पश्चिमेच्या भिंतीला लागली. मागे, नजरेच्या टप्प्यात, रेजानचं जहाज. कालव्याच्या कचेरीतून निरोप आला: समारंभ अकराला आहे, तोवर थांबा.

आता शहाण्या माणसानं काय करावं? जहाजावर बसून चहा प्यावा. पण विनी काठावरून ओरडली, "लिअँडर! केस बघ जरा! पेपरात फोटो यायचाय!"

झालं. साडेनऊला स्वारी पूल ओलांडून माझ्या दुकानात हजर. पाठोपाठ रेजानही. दुसऱ्याला घाई कसली, दाढी करून घ्यावी म्हणून आला होता. मी क्रिचच्या गळ्याभोवती पांढरं फडकं बांधलं, कानशिलांना साबण लावला आणि डाव्या बाजूनं कात्री चालवायला लागलो.

"यंदा तुझी टोपी, मित्रा," रेजान म्हणाला. "पण जपून हां. आतून कुबट वास येतो. दुसऱ्या वेळेपासून मी नाकाला रुमाल बांधायला लागलो."

"मला चालेल वास," क्रिच म्हणाला.

तेवढ्यात पुलाची घंटा वाजायला लागली.

झालं होतं असं, की नगराध्यक्षाला थंडी वाजत होती. लॉकच्या भिंतीवर वारा असा लागतो की दात स्वतःहून गाणं म्हणतात. त्यानं फर्मावलं, जहाज तयार आहे ना, मग आणा आत्ताच. कचेरीनं कोराला बोलावलं. जहाजावर कॅप्टन नाही! डार्सी मेल्डरम म्हणून दुय्यम अधिकारी होता, पन्नाशीचा, जाडा, कॅप्टनचा परवाना खिशात असलेला. त्यानं हिशेब केला: थांबावं तर मागून रेजानच्या जहाजाला बोलावतील आणि टोपी कोराच्या हातून जाईल. त्यानं दोर सोडले.

हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा फक्त घंटा ऐकू आली. क्रिच घड्याळाकडे बघून म्हणाला, "वेळ आहे, पण पुलाचा भरवसा नको. अर्धं राहू दे, चल." मी माझी गाडी काढली. क्रिच पुढे, फडक्यासकट. रेजान मागे, मजा बघायला. पुलापाशी पोचलो तर आडवी दांडी खाली आणि अख्खा पूल दोन मनोऱ्यांमधून सरसर वर चाललेला.

क्रिच गाडीतून उतरला. तीस वर्षांत मी त्याला शिवी देताना ऐकलं नव्हतं.

"कोण गाढव आहे हा?" तो गरजला. "आत्ताच यायचं होतं ह्याला? घरी काही काम नाही? कोणत्या मूर्खाचं जहाज आहे हे?"

रेजाननं मिशीवरून हात फिरवला. "नाव वाच की," तो म्हणाला.

कोरा व्हीलन आमच्या नाकासमोरून गेली. हळू, डौलात, सातशे फूट. माडीवरून डार्सी हातवारे करत होता आणि क्रिचचा आचारी कठड्याला धरून हसून हसून वाकला होता. गाडीवाल्यांनी भोंगे वाजवले. क्रिच फडकं गुंडाळलेला तसाच उभा, कानाला साबण, डावीकडे माणूस आणि उजवीकडे केरसुणी.

"सिल्व्हियो," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "पूल वर आहे रे."

पूल खाली आला तसा मी गाडी अशी हाकली की रेजान देवाचं नाव घ्यायला लागला, तेही फ्रेंचमध्ये. लॉकशी पोचलो तेव्हा मागचे दरवाजे मिटत होते आणि कोरा तळाशी होती. भिंतीवरून तिचं डेक खोल विहिरीत दिसावं तसं. बँड तयार, नगराध्यक्ष तयार, मखमली उशीवर टोपी तयार. आणि फाटकावर पहारेकरी, ऑर्विल नावाचा नवा माणूस.

"कुठे निघालात?"

"मी ह्या जहाजाचा कॅप्टन," क्रिच म्हणाला.

ऑर्विलनं फडकं पाहिलं, साबण पाहिला. "असं? मग मी इंग्लंडची राणी. बाबा, घरी जा, केस पुरे करून घे."

"अहो, खरंच कॅप्टन आहे," मी म्हणालो.

"आणि तू कोण?"

"मी न्हावी."

"ते दिसतंयच."

आत पाणी सोडलं होतं. कोरा चढायला लागली होती. डेक भिंतीच्या बरोबरीत येतं तो क्षण एकच असतो, तेव्हाच पाय टाकता येतो. त्यानंतर डेक वर निघून जातं. ऑर्विल रेजानकडे वळला, कारण रेजानचे फोटो कचेरीत चार चार लागलेत. "कॅप्टन लाफ्लाम, तुम्ही ओळखता ह्याला?"

रेजाननं एकदा मखमली उशीवरच्या टोपीकडे पाहिलं. क्रिच त्याच्याकडे बघतही नव्हता. तो चढणाऱ्या डेककडे बघत होता.

"ओळखतो," रेजान म्हणाला. "ह्यानं मला एकदा बर्फातून काढलं होतं. आणि स्वतःच्याच जहाजानं अडवलेला माणूस दुसरा कोण असणार? सोड त्याला, गाढवा!"

क्रिच धावला. साठीचा माणूस, फडकं मागे फडफडतंय, बँडवाल्यांमधून वाट काढत. विनी किंचाळली, "केस! लिअँडर, अर्धेच?" डेक चढत चढत गुडघ्याएवढं खाली उरलं, मग घोट्याएवढं, मग बरोबरीत. डार्सीनं हात पुढे केला आणि क्रिचनं पाय टाकला. जसा काही घराच्या उंबऱ्यावरून आत जातोय.

नगराध्यक्षाचं भाषण मात्र थांबेना. दोन सरोवरांची मैत्री, व्यापार, परंपरा. तो बोलत राहिला आणि पाणी भरत राहिलं, आणि क्रिच सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून हळूहळू वर निघाला. भाषण संपलं तेव्हा त्याचे बूट नगराध्यक्षाच्या टाळक्यापाशी होते. शेवटी टोपी जहाजाच्या आकडीकाठीला अडकवून वर पाठवली. क्रिचनं ती डोक्यावर ठेवली. गाव ओरडलं. मीही ओरडलो, घसा बसेपर्यंत. क्रिच खाली सगळ्या गर्दीकडे बघत होता, एकेका चेहऱ्याकडे, आणि त्याच्या गालावरच्या साबणातून पाणी वाहत होतं.

आता रिवाज असा, की टोपी गावाची, फोटो झाला की परत द्यायची. वरचे दरवाजे उघडले. जहाज सरकायला लागलं.

"टोपी!" नगराध्यक्ष ओरडला. "अहो कॅप्टन, टोपी!"

डार्सी क्रिचच्या कानाशी लागला. क्रिच, ज्यानं आयुष्यभर सगळ्यांना आधी जाऊ दिलं, त्यानं दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली.

"वरच्या सरोवरापर्यंत तरी राहू दे रे," तो म्हणाला.

वाटेत अजून पाच लॉकं होती. कचेरीनं प्रत्येक लॉकला फोन करून टोपी काढून घ्यायला सांगितलं. प्रत्येक लॉकवर माणसं कामं टाकून भिंतीशी आली, वर येणाऱ्या कॅप्टनला त्यांनी हात हलवले, आणि टोपी कोणीही मागितली नाही.