बिबट्याकडे पाठ

तुम्ही दोघांनी तो फोटो मोठा करून पाहिलात आणि फोनवर विचारलंत, "आजी, समोरून बिबट्या चाललाय आणि तू आजोबांकडे का बघतेयस?" तेव्हा तुमच्या आईला ऑफिसला जायची घाई होती, म्हणून मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर जरा लांब आहे आणि मला कुठलीच गोष्ट मधूनच सांगता येत नाही, म्हणून लिहून पाठवते.

आधी हे लक्षात घ्या की मी बिबट्या कधीच पाहिलेला नव्हता. रत्नागिरीला आपल्या बागेच्या टोकाला जांभ्या दगडांचा, भिंतीसारखा रचलेला गडगा आहे आणि गडग्यापलीकडे झाडी. त्या झाडीत बिबट्या राहतो हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. आजोबांनी त्याला सहा वेळा पाहिलं. कामाला येणाऱ्या मावशींनी मोजणंच सोडून दिलं. दूधवाल्याच्या मोटरसायकलच्या पुढून तो आरामात रस्ता ओलांडून गेला. आपला कुत्रा आम्ही राजापूरच्या एका ओळखीच्या माणसाकडे पाठवला असं तुम्हाला सांगितलं होतं ना, तोही बिबट्यानेच नेला. आता तुम्ही मोठे झालात, खरं सांगायला हरकत नाही.

मी या घरात लग्न होऊन आले त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत मला दिसले ते बिबट्याचे ठसे. दर वेळी तेच व्हायचं. अंगणातून आजोबांची आरोळी यायची, मी हातातलं टाकून पडवीत धावायचे, आणि आजोबा म्हणायचे, "आत्ता होता. गेला." जसं काही माझी एसटी चुकली होती.

आजोबांची आरोळी तुम्ही ऐकली आहे. ज्यांनी ऐकली नाही त्यांना समजावणं कठीण आहे. आंब्याच्या दिवसांत माकडं बागेत शिरली की बागवाला दोन टाळ्या वाजवतो आणि पोटापासून "होऽऽ हो हो होऽऽ" करतो. प्रत्येकाची आरोळी निराळी असते. आजोबांची पलीकडच्या वाडीत ऐकू जाते. माकडाला दगडाची भीती नसते, त्याला आरोळी ओळखीची असावी लागते, असं आजोबांचं मत आहे. त्यामुळे ते वर्षभर आरोळीचा सराव ठेवतात. माकड असो, रानडुक्कर असो, नको असलेला विमा एजंट असो, आरोळी तीच.

यंदा गुडघ्यांमुळे त्यांनी बाग पहिल्यांदाच कराराने दिली. मोहोरावर फवारणी दुसरा करणार, राखण दुसरा करणार, आणि हे पडवीत बसून ते बघणार. दोन दिवसांत त्यांनी करारवाल्याला एवढ्या सूचना दिल्या की तो यांचा फोन उचलेना. तेव्हा तुमच्या बाबांनी ठरवलं की आम्हा दोघांना कुठेतरी लांब पाठवायचं, जिथून बाग दिसणार नाही. "कुठे जायचंय?" असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "जिथे बिबट्या नक्की दिसेल तिथे."

आजोबा म्हणाले, "त्याला विमान कशाला पाहिजे? गडग्यावर जाऊन बस."

तर अशा रीतीने फेब्रुवारीत आम्ही आफ्रिकेच्या दक्षिण भागात पोचलो. आमच्या उघड्या जीपमध्ये सहा जण होते. आम्ही दोघं, सांगलीचे एक निवृत्त इंजिनियर आणि त्यांच्या पत्नी, आणि पुण्याच्या दोघी बहिणी. इंजिनियरांच्या कॅमेऱ्याची लेन्स दुधी भोपळ्याएवढी होती. गाडी चालवणारा आणि जनावरं दाखवणारा गाइड तिथलाच, मितभाषी माणूस. त्याने पहिल्याच दिवशी नियम सांगितले. उभं राहायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही, आवाज करायचा नाही. मी ते आजोबांना मराठीत सांगितले. तिसरा नियम दोनदा सांगितला.

मी वहीत रकाने आखून नेले होते. जनावर, वेळ, ठिकाण, शेरा. दोन दिवसांत हत्ती, जिराफ, झेब्रे, पाणघोडे आणि एक झोपलेला सिंह भरून झाले. सिंहापुढे "शेरा: हलला नाही" असं लिहिलं. आजोबांना या सगळ्याचं फारसं कौतुक नव्हतं. हत्तीने सोंडेने एक झाड मुळासकट आडवं केलं तेव्हा सगळे श्वास रोखून बघत होते, आणि आजोबा माझ्या कानात म्हणाले, "पंचनाम्याला कोण येतं हिथे?" शेपटी उभी करून पळणारी रानडुकरं दिसली तेव्हा पुण्याच्या धाकट्या बाई म्हणाल्या, "किती गोड." आजोबांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी पूर्वी एकदाच पाहिली होती, डुकरांनी आपली रताळी उकरली त्या सकाळी.

बिबट्याचा रकाना मात्र रिकामाच होता. तिसऱ्या संध्याकाळी तुम्ही फोनवर विचारलंत, "दिसला का?" मी म्हटलं, "उद्या." उद्या शेवटचा दिवस होता. धाकट्याने लगेच सुनावलं, "आजोबांनी सहा वेळा पाहिला, तुला एकदा पण नाही?" खोटं कशाला सांगू, मला ते लागलं.

शेवटच्या दिवशी सकाळी गाइडने गाडी एका कोरड्या ओढ्याच्या काठाला नेली. रेतीत ताजे ठसे होते. ते मात्र मी सर्वांच्या आधी ओळखले, कारण ठशांत माझा हात धरणारा कोणी नाही. समोर एक मोठं डेरेदार झाड होतं, पिवळट फळांनी लगडलेलं, आणि त्याच्यामागे कमरेएवढं गवत. गाइड हळू आवाजात म्हणाला, "तो याच गवतात असणार. आता फक्त थांबायचं. कोणी बोलू नका." मी इंजिन बंद झाल्याची वेळसुद्धा लिहून ठेवली, सहा वाजून चाळीस मिनिटं.

थांबता थांबता पुण्याच्या थोरल्या बाईंनी त्या झाडाचं नाव विचारलं. गाइडने कुजबुजत सांगितलं की त्याला मारुला म्हणतात, आणि ते आंब्याच्या नि काजूच्या कुळातलं आहे. हे मी आजोबांना सांगायला नको होतं. पण मला सवय, कोणी इंग्रजीत काही सांगितलं की ते यांना मराठीत पोचवायचं.

"आंब्याच्या कुळातलं?" आजोबांनी विचारलं आणि तेवढ्यानेच त्यांची पाठ ताठ झाली. मग त्यांनी झाड वरपासून खालपर्यंत बघितलं. "फळ धरलंय चांगलं. छाटणी नाही, काही नाही."

पाच मिनिटांनी बबून आले. आपल्या माकडांच्या दुप्पट अंगाचे, कुत्र्यासारख्या तोंडाचे, पाच-सहा जण. त्यातला एक दांडगा नर झाडावर चढला. त्याने एक फळ तोडलं, एक चावा घेतला, टाकलं. दुसरं तोडलं, चावलं, टाकलं.

"बघतेस ना?" आजोबा दातांतल्या दातांत म्हणाले. "अर्धं खाल्लंन आणि टाकलंन."

"शू."

"अगं, सगळी उष्टावतोय."

"आपली आहेत का ती?" मी कुजबुजले.

त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले, लहान मुलं परीक्षेच्या हॉलमध्ये बसतात तसे. मला वाटलं, निभावलं. मी पुन्हा गवताकडे बघायला लागले. तेवढ्यात त्या नराने फळांनी भरलेली एक फांदी धरली आणि काहीएक कारण नसताना गदागदा हलवली. पन्नासएक फळं टपाटपा खाली पडली.

दोन टाळ्या मला ऐकू आल्या. मग ती आरोळी.

त्यानंतर काय घडलं ते मी तुम्हाला इतरांच्या तोंडून सांगते, कारण मी ते पाहिलं नाही. बबून किंचाळत पांगले. गवत दुभंगलं आणि त्यातून बिबट्या बाहेर आला, पूर्ण, नाकापासून शेपटीपर्यंत. आमच्या गाडीच्या पुढून, जेमतेम दहा पावलांवरून त्याने रस्ता ओलांडला, मध्येच थबकून एकदा आजोबांकडे वळून पाहिलं, आणि पलीकडच्या झुडपांत शिरला. गाइडने पाहिला. सांगलीकरांनी पाहिला आणि आमच्या मागच्या सीटवरून फोटोही काढला. पुण्याच्या दोघींनी पाहिला. आजोबांनी पाहिला, हा सातवा.

मी आजोबांकडे बघत होते. ओठांवर बोट ठेवून, डोळे वटारून. तोच तो फोटो.

"पाहिलास?" आजोबांनी विचारलं.

बाकीच्यांच्या चेहऱ्यांवरून मला सगळं कळलं होतं. खरं तर यांना गाडीतून उतरवायला हवं होतं. पण त्या दिवशी मान मिळाला तो यांनाच. सांगलीकर म्हणाले, "साहेब, तुम्ही नसता तर तो दिवसभर गवतातून उठला नसता." त्यांच्या पत्नींनी लाडू पुढे केला. गाइड आधी कडक आवाजात म्हणाला की असं पुन्हा करायचं नाही. मग थोडं हसला आणि म्हणाला, "माझी आजी मक्याच्या शेतात अगदी असंच ओरडते." हेही मला आजोबांना मराठीत सांगावं लागलं. ते खूश झाले. गाडीतून उतरताना त्यांनी गाइडला खिशातली फणसपोळी दिली.

वहीत मी बिबट्याच्या पुढे वेळ लिहिली, ठिकाण लिहिलं, आणि शेऱ्याचा रकाना तसाच ठेवला.

परतीच्या विमानात आजोबा झोपले आणि मी तो फोटो बघत बसले. सांगलीकरांनी सगळ्यांना पाठवला होता. बिबट्याकडे मी पाच मिनिटं बघितलं असेल. मग स्वतःकडे बघत राहिले. ते बोट, ते डोळे मला ओळखीचे वाटले. पडवीत धावत आल्यावर मी दर वेळी आधी कुठे बघायचे? गडग्याकडे नाही. यांच्याकडे. "अहो, केवढ्याने ओरडता, लोक काय म्हणतील," हे म्हणायला. तेवढ्यात बिबट्याला गडगा उतरायला भरपूर वेळ मिळायचा. सहाच्या सहा वेळा.

घरी आलो तर मावशी दारातच उभ्या. "काकू, तुमी गेलाव आनी वाघान गडगा धरलान. रोज सांजचो येतो. आवाज न्हाय ना कोनाचो." बिबट्याला त्या वाघच म्हणतात.

त्या संध्याकाळी मी चहा घेऊन पडवीत बसले आणि आजोबांना सांगितलं, "मला तो बघायचाय. तुम्ही ओरडायचं नाही. माकड आलं, डुक्कर आलं, करारवाला आला, तरी नाही."

"आणि तू?" आजोबा म्हणाले.

"मी काय?"

"तू माझ्याकडे बघायचं नाहीस."

म्हणजे यांना कळलेलं होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

तीन संध्याकाळी काही दिसलं नाही. चौथ्या दिवशी उजेड जरा मळायला लागला तेव्हा माकडं आली, थेट घराजवळच्या पपईवर. ही झाडं करारात नाहीत, ती माझी. एकाने पिकायला आलेली पपई तोडली, चावली, टाकली. शेजारची खुर्ची करकरली. मी मान वळवणारच होते, तेवढ्यात आजोबांचा हात माझ्या गालावर आला आणि त्यांनी माझा चेहरा गडग्याकडे फिरवला. हाताला घाम आलेला होता.

गडग्यावर तो बसलेला होता. मला वाटलं होतं त्याहून लहान, आणि पुढचा पंजा मांजरासारखा चाटत होता. त्याने बागेकडे पाहिलं, पपईवरच्या माकडांकडे पाहिलं. माकडांनी त्याला पाहिलं आणि एकच कालवा करून ती आंब्याच्या कलमांवरून पळाली. त्याला काही घाई नव्हती. तो उठला, अंग ताणलं आणि पलीकडे उतरला. मी मनात साठ आकडे मोजले असतील.

गडगा रिकामा झाल्यावर आजोबा उठले, दोन टाळ्या वाजवल्या, आणि आतापर्यंत दाबून ठेवलेली आरोळी घातली. बागेत ओरडण्यासारखं कोणीही उरलेलं नव्हतं.

मग मी यांच्याकडे बघितलं. ओठांवर बोट न ठेवता.

वहीतला शेऱ्याचा रकाना आता भरलेला आहे: "पाहिला." आधीची वेळ बदलली, आणि ठिकाण खोडून तिथे "गडगा" लिहिलं.