श्वास चोरा, सूर नको

घाईने टाळी वाजवणाऱ्या माणसाकडे आमच्या काकू अशा बघायच्या, जणू त्याने पंगतीत कोणाच्या तरी पुढ्यातलं पान उचललंय. "अहो, शेवटचा सूर अजून हवेत आहे. त्याला खाली तरी येऊ द्या!"

शिरगावात सोसायटीच्या मीटर-रूमशेजारच्या खोलीत त्या आम्हा बारा जणांचा कॉयर, म्हणजे समूहगानाचा गट, चालवायच्या. वाद्य नाही, माइक नाही. आजच्या संगीतकारांच्या नव्या रचना, चार गटांनी चार वेगळ्या ओळी एकाच वेळी गायच्या. समोर उभं राहून हात हलवणं त्यांना जमायचं नाही. आमच्याच रांगेत उभ्या राहून नुसती भुवई उचलायच्या. सोसायटीवाले विचारायचे, "हे कसलं गाणं? ना भजन, ना पिक्चरचं." डोकंच फिरायचं माझं. दहीहंडीला भिंती हादरवणाऱ्या स्पीकरसाठी वर्गणी, आणि आम्हाला साधा पंखा नाही! मी पत्रक काढायला निघाले, तर काकू म्हणाल्या, "काढ की. आधी तुझी ओळ पाठ कर."

मी मोर्च्यात घोषणा देणारी. पहिल्या दिवशी त्यांनी मला शेजारी उभं केलं. "माझा आवाज ऐकू येतोय तुला?"

"नाही."

"मग तू गात नाहीयेस, भांडतेयस."

उल्हासनगरला कापडाचं दुकान असलेले लछूभाई आमच्या मागच्या रांगेतून खर्जात म्हणाले, "बेटा, यहाँ कोई मंत्री नहीं बैठा है. आराम से."

लांबलचक सुरासाठी काकूंचा एकच कायदा होता. सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारीण घेत असेल, तेव्हा आपण धरून ठेवायचं. "श्वास चोरा, सूर नको. कोण दमलं ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये."

पुढे काकूच दमायला लागल्या. दमा जुना, त्यात आमच्याकडची हवा ही अशी, कारखान्यांच्या धुराची. तक्रार केली की साहेब लोक 'बघू' म्हणतात. श्वास आमचा जातो, त्यांचं काय जातंय? डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. मुलगी त्यांना नाशिकला नेणार होती. त्याआधी अंबरनाथला एक शेवटचा कार्यक्रम, आणि त्यात गायचंच, हा काकूंचा हट्ट. शेवटची रचना ओठ मिटून धरलेल्या लांब सुरावर संपायची. मला म्हणाल्या, "मी थांबले तर तू थांबायचं नाहीस. वळून बघायचंसुद्धा नाही."

त्या सुरावर त्यांचा श्वास तुटला. मी धरून ठेवलं. त्या सुरात परत आल्या, पुन्हा तुटला. मग आल्याच नाहीत. माझा दंड धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मी वळले नाही. सूर अखंड राहिला आणि हळूहळू विरला. हॉलमध्ये कोणी टाळी वाजवेना. काकू पुटपुटल्या, "आता वाजवा म्हणावं."

आता त्या नाशिकला असतात, आणि गात नाहीत.

परवा हवेच्या प्रश्नावर आम्ही बायकांनी मोर्चा काढला. घोषणा एकदाही तुटू दिली नाही. हवालदार वैतागला. "दमत कशा नाही गं तुम्ही?"

"दमतो की साहेब. फक्त सगळ्या एकदम नाही."